रझिया मॅडमचं नाव

वर्गात कुणी उगाच जास्तीची मेहनत करताना दिसलं की रझिया मॅडमना त्रास व्हायचा. बाकीच्या शिक्षकांना आळशी पोरं सहन होत नसत, मॅडमना कष्टाळू पोरं बघवत नसत.

कॉलेजात कॉम्प्युटरच्या कोर्सला दाखल झाल्यावर पहिल्याच महिन्यात मी दोन तारखांमधले दिवस मोजायचा प्रोग्रॅम लिहिला होता. कुठल्या महिन्याचे तीस दिवस, कुठल्याचे एकतीस, लीप वर्ष आलं तर काय, अशा चाळीसेक ओळी. दिंद्रूडहून माजलगावला येताना एसटीत मांडीवर वही ठेवून लिहिलेल्या. मॅडमनी त्या पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या, मधे सोडल्या नाहीत. मग चष्मा काढून म्हणाल्या, "बरोबर हाय. एक बी चूक न्हाई. पण वर्षा, एवढं कावून केलंस?"

त्यांनी शेजारी स्टूल ओढलं, एकच शब्द टाइप केला, त्याच्यापुढे कंसात दोन तारखा टाकल्या आणि एंटर दाबलं. उत्तर तेच आलं.

"हे डेटाबेसमधे आधीपासूनच हाय गं. कुणीतरी कुठंतरी बसून आपल्यासाठी करून ठेवलंय. आधी भिंतीवर बघायचं. तिथं नसलं तरच घडवायला बसायचं."

हे भिंतीचं प्रकरण आम्हाला हळूहळू कळलं. मॅडमच्या वडिलांचं मोटार वाइंडिंगचं दुकान होतं. धरणाचं पाणी आल्यावर आमच्या भागात ऊस आला आणि उसाबरोबर पाण्याच्या मोटारी जळायला लागल्या. त्या दुकानाच्या भिंतीवर प्रत्येक पान्याचा, पक्कडीचा आकार काळ्या रंगानं काढलेला होता आणि ज्याच्या त्याच्या आकारावर ते हत्यार टांगलेलं असे. नवा कारागीर हातानंच काहीतरी वाकवत बसला की अब्बा ओरडायचे, भिंतीवर बघ. मॅडमसाठी डेटाबेसची तयार फंक्शन्स म्हणजे ती भिंत होती. अक्षरं मोठी करायची आहेत, सरासरी काढायची आहे, आज कोणता वार आहे ते हवं आहे. सगळं टांगलेलं होतं. आपल्याला फक्त नाव माहीत पाहिजे.

त्या दिसायला उंच आणि बारीक होत्या. हातात वडिलांचं मोठं घड्याळ, ते सैल असल्यामुळे फळ्यावर लिहिताना कोपरापर्यंत घसरायचं. खडू त्या पेचकस धरल्यासारखा धरायच्या. स्क्रीनवरची उत्तरं बोट ठेवून मोठ्यानं वाचायची सवय होती, त्यामुळे लॅबमधल्या दहाही मॉनिटरांवर त्यांच्या बोटांचे ठसे असत आणि तास संपला की त्या स्वतःच ओढणीच्या टोकानं ते पुसत. लॅबची खिडकी मोंढ्याच्या, म्हणजे धान्यबाजाराच्या, रस्त्यावर उघडायची. कारखाने सुरू झाले की गाणी लावलेले उसाचे ट्रॅक्टर जायचे. मॅडम आवाज चढवायच्या नाहीत. ट्रॅक्टर पुढं जाईपर्यंत खडू हातात धरून गप्प उभ्या राहायच्या आणि अडलेल्या शब्दापासूनच पुढं चालू करायच्या.

प्रत्येक फंक्शनला त्यांनी स्वभाव दिला होता. आकडा पुऱ्या अंकात बदलणारं राउंड म्हणजे दिलदार माणूस, निम्मं भरलं की पुढचं पूर्ण देणारा. फ्लोअर कंजूष, कितीही असलं तरी खालीच ओढणार. शब्दाच्या आजूबाजूची मोकळी जागा कापून टाकणारं ट्रिम म्हणजे न्हावी. परीक्षेत पोरं 'ट्रिम हा न्हावी आहे' असंच लिहून यायची आणि बाहेरून आलेले परीक्षक गोंधळायचे.

एकदा त्यांनी वर्गातल्या प्रत्येकाला आपापली जन्मतारीख डेटाबेसच्या तक्त्यात भरायला लावली. मग तारखेप्रमाणे गट करून कुठल्या तारखेला किती जण ते काउंटनं मोजायला सांगितलं. अर्ध्याहून जास्त वर्ग एकाच तारखेचा निघाला. एक जून. आम्हाला त्यात नवल वाटलं नाही. शाळेत नाव घालताना आईबापाला तारीख सांगता आली नाही की गुरुजी एक जून टाकून मोकळे होत.

"मॅडम, तुमची कोणती?" मागून कुणीतरी विचारलं.

"माझी बी तीच की."

वर्ग हसला. मॅडमही हसल्या. म्हणाल्या, "अम्मी म्हणते, मी झाले त्या दिवशी अब्बांनी आंब्याची पाटी आणलती आन सगळे आंबे पावण्यांनीच खाल्ले, तिला एक बी मिळाला न्हाई. म्हंजे गुरुजी लई चुकले नसतील. पंधरा दिवस इकडं का तिकडं."

त्यांचं लग्न झालेलं नव्हतं. मुली हळू आवाजात आपापसात कारणं लावायच्या. एकीनं धीर करून सरळ विचारलं तेव्हा मॅडम म्हणाल्या, "राहून गेलं." एखादी वस्तू बाजारातून आणायची राहावी तसं. धाकटा भाऊ पुण्याला होता, घरी आई होती. एवढंच आम्हाला ठाऊक. दुपारचा डबा त्या लॅबमधेच खायच्या. लेडीज स्टाफरूम समोरच होती. तिथं मुलांच्या शाळा, सासवा, मिस्टरांच्या बदल्या चालायच्या. मॅडमना कुणी तिथं येऊ नका म्हटलं नव्हतं आणि या म्हणूनही बोलावलं नव्हतं.

माझ्या शेवटच्या वर्षाला गावातल्या एका मंडळानं मोतीबिंदूचं शिबिर भरवलं. नावनोंदणीचं काम आमच्या वर्गाकडे आलं. चार दिवस आम्ही नावं भरली, नावांच्या क्रमानं यादी छापली आणि ऑपरेशनसाठी गाडी निघायच्या दिवशी टेबल लावून बसलो. एक म्हातारी आली, सोनाबाई. डोळ्याला पदर लावलेला, हातात कपड्यांचं गाठोडं. मी 'स'ची पानं चाळली. नाव नव्हतं. दुसऱ्यानं बघितलं, तिसऱ्यानं बघितलं. नव्हतंच.

"म्या दिलतं ना नाव," म्हातारी म्हणाली. "ह्याच टेबलाव दिलतं. ह्या पोरीनंच लिवून घेतलतं."

ती पोरगी मीच असणार. पण दिवसाला दोनशे चेहरे बघितलेले. मी म्हटलं, "आजी, पुढच्या शिबिराला या." ती भांडली नाही. जाऊन लिंबाच्या झाडाखाली बसली. गाडी भरत होती तरी तिथून हलली नाही.

दहाच्या सुमाराला मॅडम आल्या. झाडाखाली कोण बसलंय, हे त्यांनी पहिलं विचारलं. मी सांगितलं. त्यांनी मला उठवलं, खुर्चीत बसल्या आणि नावानं शोधलं. काही आलं नाही. मग नावाला ट्रिम लावून तोच शोध पुन्हा घेतला, आणि स्क्रीनवर सोनाबाई आली, गाव, वय, उजवा डोळा, सगळ्यासकट. भरताना माझं बोट आधी स्पेसबारवर पडलं होतं. नावाच्या आधी एक मोकळी जागा. आम्हाला ती दिसत नव्हती, पण यंत्राच्या लेखी 'सोनाबाई' आणि मोकळी जागा सोडून 'सोनाबाई' ही दोन वेगळी माणसं होती.

"आता छापलेल्या यादीचं पहिलं पान काढ," मॅडम म्हणाल्या. "मोकळी जागा सगळ्या अक्षरांच्या आधी येती."

पहिल्या पानावर, सगळ्यात वर, सोनाबाईचं नाव होतं. आम्ही तिघांनी 'स'ची पानं उलटीपालटी केली आणि ती 'अ'च्याही आधी बसली होती.

मॅडम स्वतः झाडाखाली गेल्या. म्हातारीचं गाठोडं उचललं, तिला धरून गाडीत बसवलं. माझ्यावर रागावल्या नाहीत. संध्याकाळी आवराआवर करताना एवढंच बोलल्या, "यादीत नाव नसलं ना वर्षा, तर माणूस खोटं बोलतंय असं आधी समजू नको. आधी यादी बघ."

पदवी झाल्यावर त्याच कॉलेजात मला लॅब असिस्टंटचं काम मिळालं, तात्पुरतं, दर वर्षी नव्यानं ऑर्डर निघणारं. त्याच सुमाराला मॅडमची आई गेली. मातीला मी गेले होते. मॅडम रडत नव्हत्या, आल्यागेल्याला पाणी देत होत्या. चौथ्या दिवशी त्या लॅबमधे हजर झाल्या आणि मॉनिटर पुसायला लागल्या.

त्यानंतरच्या वर्षी संस्थेनं सगळ्या कर्मचाऱ्यांचा सहकुटुंब स्नेहमेळावा ठरवला. रविवारी दुपारी, जेवणासकट. प्रत्येक कुटुंबासाठी छातीवर लावायचा एकेक बिल्ला करायचा, त्यावर कर्मचाऱ्याचं नाव आणि खाली पती किंवा पत्नीचं नाव. काम माझ्याकडे आलं. ऑफिसनं दिलेली यादी मी डेटाबेसमधे घेतली आणि दोन्ही नावं जोडायला कॉन्कॅट वापरलं. भिंतीवर टांगलेलं हत्यार. दोन ओळींत काम झालं म्हणून मनात खूशही झाले. सगळे बिल्ले छापले, कापले, प्लॅस्टिकच्या पाकिटात घातले. वाचून बघितले नाहीत.

रविवारी कॉलेजच्या दारात टेबल मांडून शिपाई बिल्ले वाटत होता. मी बाजूला उभी होते. मॅडम आल्या. चिंचेच्या रंगाचा नवा ड्रेस, अंगाला अत्तराचा हलका वास, आणि चेहऱ्यावर थोडी लाज, लग्नघरी एकट्या बाईच्या चेहऱ्यावर असते तशी. शिपायानं सगळे बिल्ले दोनदा चाळले. शेवटी एक पाकीट हातात धरून म्हणाला, "मॅडम, तुमचं छापायचं राहिलं वाटतं."

पाकिटात कोरा कागद होता.

मॅडमनी तो घेतला, उलटून बघितला. मग माझ्याकडे बघून हळूच विचारलं, "कॉन्कॅट केलंस?"

मी मान हलवली. तोपर्यंत माझ्याही डोक्यात उजेड पडला होता. ज्या रकान्यात काहीच माहिती नसते तिथं डेटाबेस 'नल' धरतो. आणि कॉन्कॅटला दिलेल्या नावांपैकी एक जरी नल असलं तरी ते जोडून येणारं सगळंच नल करून टाकतं. मॅडमच्या पतीचा रकाना रिकामा होता. त्यानं त्यांचंही नाव खाल्लं होतं. मी तात्पुरती म्हणून यादीत नव्हते आणि यादीतल्या बाकी सगळ्यांची लग्नं झालेली, म्हणून कोरा बिल्ला एकच निघाला.

"मॅडम, मी पेनानं लिहिते. द्या."

"राहू दे."

त्यांनी तो कोरा बिल्ला ओढणीला लावला आणि आत गेल्या. मागच्या रांगेत कडेच्या खुर्चीत बसल्या. ज्याला त्याला तो बिल्ला दिसायचा. "अरे, मॅडम, तुमचं नाव?" असं विचारून लोक पुढं जायचे. प्राचार्यांच्या पत्नी त्यांना ओळखत नव्हत्या. त्यांनी बिल्ल्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कुणाच्या घरच्या?" मॅडम उठून उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी इथंच शिकवते." जेवणाच्या पंगतीत त्यांच्या एका बाजूला भिंत होती आणि दुसऱ्या बाजूची खुर्ची एका कुटुंबाला कमी पडली म्हणून कुणीतरी उचलून नेली. मी वाढायला होते. मला त्यांच्या पुढ्यात जाववलं नाही. दुसऱ्या मुलीला पाठवलं.

सोमवारी मी लवकर गेले. मॅडम आधीच आल्या होत्या. मी माफी मागायला तोंड उघडलं तर त्यांनी स्टूल ओढून दाखवलं.

"बस. ती ओळ परत लिही."

मी लिहिली. त्यांनी चालवायला लावली. सगळी नावं आली आणि मधे एका ओळीत 'नल'.

"आता पतीच्या नावाला कोअलेस लाव. ते काय करतं?"

"पहिलं नल असलं तर पुढचं घेतं."

"मग पुढचं काय देशील? नवरा न्हाई तर तिथं काय लिहायचं?"

मी दोन अवतरणचिन्हं टाकली आणि मधे काहीच लिहिलं नाही. एंटर दाबलं. 'नल' गेलं आणि त्या जागी त्यांचं पूर्ण नाव आलं. रझिया, वडिलांचं नाव, आडनाव. पुढं काही नाही.

मॅडमनी स्क्रीनवर बोट ठेवून ते वाचलं. मग बोट तिथंच राहिलं.

"एवढंच करायचं होतं गं," त्या म्हणाल्या.

मला रडू फुटलं. त्यांनी मला रडू दिलं. उठून खिडकीपाशी गेल्या. बाहेर मोंढा अजून उघडायचा होता. तिथूनच, माझ्याकडे न बघता, बोलायला लागल्या. इतक्या वर्षांत त्या स्वतःबद्दल एवढं सलग कधी बोलल्या नव्हत्या.

"अम्मी होती तवर घरात बोलणं व्हायचं. भांडण व्हायचं, ते बी बोलणंच. आता शनिवारी दुपारी लॅबला कुलूप लावते तेव्हा शिपायाला म्हणते, किल्ली घे. सोमवारी म्हणते, किल्ली दे. मधे एक शब्द न्हाई. सोमवारचा पहिला तास घसा घोगरा असतो, तुमी पोरं म्हणता मॅडमला सर्दी झाली. सर्दी न्हाई बेटा. वापर न्हाई. काल चार लोकं भेटतील, बोलतील म्हणून आलते. लई दिवसांनी कपडे शिवलते."

मी म्हटलं, "मॅडम, मी येईन तुमच्याकडे. रविवारी. नक्की येईन."

"ये," त्या म्हणाल्या. विश्वास ठेवल्यासारखं म्हणाल्या नाहीत आणि नाही ठेवल्यासारखंही नाही.

मी गेले. दोनदा गेले. मशिदीमागच्या गल्लीत पुढं बंद दुकान आणि मागं दोन खोल्या. दुकानाची भिंत त्यांनी मला दाखवली. हत्यारं विकली गेली होती, नुसते काळे आकार राहिले होते. माझ्यासाठी त्यांनी खिचडी, चिंचेचा खट्टा, भाजलेले पापड, शेवयांची खीर असं चार माणसांना पुरेल एवढं केलं होतं. मी खात असताना त्या स्वतः जेवल्या नाहीत, बोलत राहिल्या. उन्हाळ्याचं, पाण्याचं, पुण्याच्या भाच्याचं, शेजाऱ्याच्या बकरीचं. इतक्या घाईनं बोलत होत्या की मधेच ठसका लागायचा. मी निघायला उठले की म्हणायच्या, "चहा ठेवते थोडा."

तिसऱ्यांदा जायचं ठरलं होतं त्या रविवारी आमच्याकडे पाहुणे आले. मग माझं लग्न ठरलं. मग बीडला एका ऑफिसात काम लागलं आणि मी बीडची झाले. मी त्यांना फोन करायची, सणाला. त्या दुसऱ्या रिंगलाच उचलायच्या.

पुढं कॉलेजातला तो कोर्सच बंद पडला. पोरं मोबाइलवर शिकायला लागली, ज्यांना जमेल ती पुण्याला गेली. मॅडमना शेवटची दोन वर्षं ग्रंथालयात बसवलं. तिथं मुलं येत नव्हती. निवृत्तीच्या दिवशी शाल, नारळ, फोटो झाला. मी रजा काढून गेले होते. बोलायला उभ्या राहिल्यावर त्यांनी सगळ्यांचे आभार मानले, शिपायाचे तर नाव घेऊन मानले, आणि "मला इथं बोलायला मिळालं" एवढं म्हणून बसल्या. लोकांना वाटलं, भाषण अर्धंच राहिलं. टाळ्या जरा उशिरा वाजल्या.

गेल्या हिवाळ्यात आईला भेटायला दिंद्रूडला निघाले होते. माजलगावच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. भर दुपार. बाकावर मॅडम दिसल्या. केस पूर्ण पांढरे झालेले, चष्म्याची काच जाड. मला ओळखायला त्यांना वेळ लागला नाही. शेजारची पिशवी मांडीवर घेऊन त्यांनी मला जागा करून दिली. माझ्या मुलीचं नाव विचारलं, इयत्ता विचारली. मी विचारलं, "मॅडम, कुठं निघालात? पुण्याला का?"

"कुठं न्हाई," त्या म्हणाल्या. "दुपारचं येते इथं. बसते घंटाभर." मग त्यांनीच सांगितलं, अगदी साध्या आवाजात, "घरात आवाज नसतो गं. इथं लोक विचारतात, बाई, ही गाडी कुठं चालली, किती वाजले. बरं वाटतं."

माझी गाडी लागली. मी म्हटलं, "मॅडम, घरी या ना बीडला, राहायला या." त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जा, जागा धर. उभं राहावं लागंल." मी त्यांच्या पाया पडले. गर्दीतून आत शिरले, खिडकीची जागा मिळाली.

खिडकीतून बाक दिसत होता. पिशवी अजून त्यांच्या मांडीवरच होती आणि शेजारची जागा रिकामी. कडेवर पोर घेतलेली एक बाई जागा शोधत आली. मॅडमनी तिच्याकडे बघून बाकावर हात ठेवला, बस म्हणून, आणि काहीतरी बोलल्या. बाईचं लक्ष नव्हतं. ती पुढच्या फलाटाकडे निघून गेली. गाडी मागे सरकायला लागली तरी मॅडमनी पिशवी खाली ठेवली नव्हती. त्या तशाच कडेला सरकून बसल्या होत्या, आणखी एक माणूस मावेल एवढी जागा ठेवून.